काचेतला पाय

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, नांदेडला दर्शन कसं झालं? दर्शन झालं हो, छान झालं, गुरुद्वाऱ्यात लंगरला बसून जेवलेही. पण मी गेले होते ती त्यासाठी नव्हे. आमच्या राजापुरातून कुणी नांदेडला जायचं ते देवासाठी नाहीतर बदली झाली म्हणून. तिसरं कारण लोकांना सुचतच नाही. माझं होतं तिसरंच. ते एकदा लिहून काढावं म्हणजे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसायला नको. शाळा माझी सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचून वाचून आलेलं. तेव्हा जशी बोलते तशीच लिहिणार, सांभाळून घ्या.

माझ्या भावाची मुलगी मेधा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पुण्यात एका छापखान्यात कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिचा एक वेगळाच उद्योग चालतो. ती आणि तिचे दोन दोस्त, तिघांच्याही शरीरात काही ना काही उणं, चित्रांच्या प्रदर्शनात नाहीतर वस्तुसंग्रहालयात जातात आणि तिथं काहीतरी विलक्षण करून ठेवतात. नाटक म्हणाल तर नाटक नव्हे. पडदा नाही, गोष्ट नाही, टाळ्या कधी वाजवायच्या ते कळत नाही. पुण्याला एकदा मेधा एका मोठ्या रिकाम्या चौकटीत दुपारभर उभी राहिली आणि बघायला येणाऱ्यांची चित्रं काढत राहिली. लोक भिंतीवरची चित्रं सोडून तिच्यापुढे केस सारखे करायला लागले. मी तेव्हा तिला खुणेनं विचारलं, ह्याचा अर्थ काय? तर म्हणाली, आयुष्यभर लोक माझ्याकडे टक लावून बघतात, एक दिवस मी बघितलं.

मेधाच्या खुणा घरात सगळ्यांत जास्त मला येतात. लहानपणापासून माझ्यापाशीच वाढली ना. तिनं माणसांना खुणेची नावंही ठेवलेली आहेत. माझं नाव म्हणजे चार बोटं आणि अंगठा, चोचीसारखे उघडायचे नि मिटायचे, उघडायचे नि मिटायचे. समजलं असेल तुम्हाला.

तर ह्या तिघांचा पुढचा बेत लातूरला होता. त्यांचे अंगरखे शिवायला आणि मेधाचं बोलणं इतरांना सांगायला कुणीतरी हवं होतं. शिवण माझं घरचंच. निघाले.

नांदेड

नांदेडला आम्ही उतरलो नसरीनच्या मामूंकडे. तिघांतली ही दुसरी. गोरी, उंच, उजवा पाय गुडघ्याखालून नाही. भूकंपात गेला. किल्लारीकडच्या एका गावात घर होतं, बाप भिंतीखाली गेला आणि आई लेकीला घेऊन माहेरी नांदेडला आली. त्याला आता इतकी वर्षं झाली की तेव्हाची लेकरं नोकऱ्यांना लागलीत. नसरीन एका शाळेत चित्रकला शिकवते. चालताना सांगितल्याशिवाय कळतही नाही, फक्त जिना उतरताना जरा थांबते.

मामू रंगारी. जुन्या नांदेडात, नदीकडच्या अंगाला त्यांचं घर नि घराच्या पुढच्या भागात दुकान. ओढण्या, साड्या रंगवून देतात. दोरीवर ओल्या ओढण्या आणि त्यांच्याखालून वाकून घरात शिरायचं. मी शिरले ती डोक्यावर हिरवे थेंब घेऊनच. मामूंचे हात कोपरापर्यंत निळे. मला वाटलं हात धुऊन जेवायला बसतील, तर धुतले त्यांनी, चांगले साबण लावून धुतले, तरी निळेच. म्हणाले, ताई, हा रंग आता माझ्याबरोबरच जाणार.

जेवायला बगारा खाना होता, म्हणजे खडा मसाला घालून केलेला मोकळा भात, आणि त्यावर दालचा. डाळीत मटण. आमच्याकडे मटण म्हटलं की नारळाचं वाटण, त्याशिवाय पान हलत नाही. इथे नारळाचा पत्ता नाही, चिंचेचा आंबटपणा. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मामी खूश झाल्या. मी नेलेले ओल्या नारळाचे लाडू मात्र वाटेत आंबले होते. डबा उघडला तर वास. मामींनी झाकण हळूच परत लावलं आणि म्हणाल्या, कोकणाची हवा खाऊन घेतली आम्ही.

लातूरलाच का, हे मला त्या दुपारी कळलं. मी अंगरख्यांना काज करत बसले होते, नसरीन समोर बसून सुई ओवून देत होती. एरवी ती कमी बोलते. त्या दिवशी बोलली.

भूकंपानंतर शिबिरात तिला पहिला पाय मिळाला, रबराचा, छोटा. तेव्हा ती पहिलीतली पोर. ईद आली. अम्मीनं तिच्या दोन्ही हातांना मेंदी काढली, डाव्या पायाला काढली, आणि मग तो रबराचा पाय मांडीवर घेऊन त्यालाही काढायला बसली. रबरावर मेंदी कुठे चढते? धुतली की साफ. पोर रडायला लागली. तेव्हा अम्मीनं दुकानातला कत्थई, म्हणजे काताच्या वड्यांसारखा तपकिरी रंग घेतला, गोंद घालून घट्ट केला आणि काडीच्या टोकानं अंगठ्यापासून घोट्यापर्यंत वेल काढली. तो रंग बसला. डाव्या पायाची मेंदी फिकी पडत गेली, उजव्याची तशीच. शाळेत पोरी विचारायच्या, तुझ्या ह्याच पायाची मेंदी का टिकते? मग पाय वाढला. म्हणजे दुसरा वाढला. शिबिरवाल्यांनी नवा पाय दिला आणि जुना घेऊन गेले.

नसरीन दहावीत असताना अम्मी आजारात गेली. फोटो नाही, कारण तिला काढून घ्यायला आवडत नसे. लिहायला येत नव्हतं म्हणून हस्ताक्षर नाही. पुढे कॉलेजच्या सहलीत लातूरच्या एका छोट्या संग्रहालयात नसरीन गेली तर भूकंपाच्या वस्तूंमध्ये, काचेच्या कपाटात, हा पाय. वेलीसकट. बरोबर मैत्रिणी होत्या. ती कुणाला काही बोलली नाही, बस सुटायची वेळ झाली आणि निघून आली.

"आत्या, अम्मीच्या हातचं जगात तेवढंच हाय," ती म्हणाली. "मला ते मागायचं न्हाई. त्याच्यापाशी बसायचंय फक्त. निवांत."

म्हणून तिनंच सुचवलं होतं, पुढचा खेळ तिथं करू. संग्रहालयात एक काचेचं कपाट रिकामं होतं, तिला आठवत होतं. त्यात ती बसणार, आपल्या जुन्या पायाच्या शेजारी, वस्तू होऊन.

लोह्यावरून लातूरला

सकाळच्या बसनं निघालो. लोह्याला बस थांबली तेव्हा चहा घेतला, इतका गोड की चमचा उभा राहावा. दोन्ही बाजूंना काळी जमीन. आमची लाल माती पावसात वाहून जाते, ही वाहत नाही, पायाला धरून ठेवते. बसमधून उतरून जरा शेताच्या कडेला गेले ती चपलेला शेरभर चिखल घेऊन आले. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मधूनमधून तुरीच्या ओळी. डोंगर म्हणून नाही. मला पहिल्यांदा उघडं उघडं वाटलं, जसं घराला दारच नाही. मग सवय झाली. मेधा तर खिडकीला नाक लावून बसली होती. खुणेनं म्हणाली, इथं लांबचा माणूससुद्धा दिसतो, हाक मारावी लागत नाही, मला असा मुलूख चालेल.

आणि लातूर. काय सांगू तुम्हाला. गावात शिरल्यापासून भिंतींवर मुलांचे चेहरे. नट नाहीत, पुढारी नाहीत, बारावीची मुलं. चष्मा, तेल लावलेले केस आणि खाली मार्क. क्लासच्या जाहिराती ह्या. रस्त्यावर सायकली नि सायकली, पाठीवर दप्तरं, घोळक्यानं जाणाऱ्या मुली एकमेकींना सूत्रं विचारत चाललेल्या. कुठल्या कुठल्या तालुक्यांतून आईबापांनी इथं आणून ठेवलेली ही पोरं. घराघरावर पाटी, मुलींसाठी खोल्या मिळतील, जेवणाचा डबा मिळेल. आमच्याकडे घरांवर पाटी असते ती काजू विकत मिळतील अशी.

तिसरा गडी दत्ता इथला. मूळचा शिरूर अनंतपाळचा, जन्मापासून आंधळा, क्लासच्या गल्लीत त्याचं फोनचं बूथ. पोरंपोरी घरी फोन करायला त्याच्याकडे येतात. आता मोबाइल आलेत तरी पोरांच्या हातात आईबाप देत नाहीत, म्हणून बूथ चालतं. गल्लीतल्या निम्म्या मुलांना तो आवाजानं ओळखतो. पोरं फोनवर काय सांगतात ते रोज ऐकतो. मी विचारलं, काय सांगतात? म्हणाला, सगळे एकच सांगत्यात, पेपर चांगला गेला. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ उभे राहत्यात.

त्याच्या बायकोनं सुशीला खाऊ घातला. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकायचे, वर शेंगदाण्याचं कूट. नाव ऐकून मी म्हटलं, ही कोण? माझी मोठी जाऊ सुशीला. दत्ता म्हणाला, आत्या, खाऊन बघा, जावेपेक्षा मऊ निघंल.

संग्रहालय

संग्रहालयाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली होती. दोन दालनं. एकात जुनी नाणी, मूर्ती. दुसऱ्यात भूकंप: भिंतीवर मोठे काळेपांढरे फोटो, कपाटांत वाकलेली भांडी, बंद पडलेलं घड्याळ, एक पाळणा. आणि त्याच दालनात जमिनीवर, सतरंज्यांवर, पोरंपोरी बसून अभ्यास करत होती. मला आधी कळेना. मग समजलं, बघायला फारसं कुणी येत नाही, आणि गावात पोरांना बसायला जागा पुरत नाही, पंखे आहेत, शांतता आहे, म्हणून दुपारी दालन अभ्यासाला उघडं ठेवतात. भिंतीवर पडलेली घरं, खाली रसायनशास्त्र. एकही मान वर होत नव्हती.

तिथले अधिकारी बिरादार साहेब. नव्यानंच बदली होऊन आलेले, पन्नाशीचे, शर्टाला इस्त्री. फार अगत्य. त्यांनी परवानगी दिली होती ती दिव्यांग कलाकारांचा सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. त्यांच्या डोक्यात देशभक्तीपर गीतं होती. पाहुणे म्हणून एका क्लासच्या सरांना बोलावलं होतं, शाली आणून ठेवल्या होत्या. मेधानं मला खुणेनं बजावलं, सांगू नकोस. मी कसंबसं नाही सांगितलं.

दालनात नव्या रंगाचा वास येत होता. नसरीन सरळ पायाच्या कपाटापाशी गेली. मी तिच्या मागे. काचेत तो छोटा पाय उभा केलेला. स्वच्छ. गुळगुळीत. बाहुलीच्या अंगासारखा गुलाबी.

वेल नव्हती.

नसरीन काचेवर हात ठेवून उभी राहिली. बिरादार साहेब मागून आले आणि आनंदानं सांगायला लागले. भूकंपाचा स्मृतिदिन जवळ आलेला, त्या गावांतली माणसं फुलं वाहायला येतात. इतकी वर्षं नुसतं फाटकाला रंग द्यायचे. यंदा त्यांनी सगळ्या वस्तू पुसून घेतल्या, पाळण्याला रंग दिला, पायाला दिला. पायाचा रंग त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडला, दोन डबे मिसळायला लावले. त्यांच्या गावी जत्रेच्या आधी देवाला रंग देतात. माणसं गेलीत ज्यांची, त्यांच्या वस्तू कळकट कशा ठेवायच्या?

"लई डाग पडले व्हते त्याच्यावर," ते म्हणाले. "तपकिरी. निघतच नव्हते."

नसरीन वळून बाहेर गेली. जिन्यापाशी नेहमीसारखी थांबलीही नाही, उतरली.

मला राहवलं नाही. मी साहेबांना सगळं सांगितलं. रागानं नव्हे, तो माणूस रागवण्यासारखा नव्हता. ईद, अम्मी, काडी, कत्थई रंग. ऐकता ऐकता ते पाळण्याशेजारच्या बाकावर बसले. त्या बाकालाही रंग दिलेला होता आणि तो वाळला नव्हता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. उठले तेव्हा पँटला हिरवे पट्टे. त्यांनी बघितलं सुद्धा नाही. म्हणाले, मावशी, मी आत्ता पेंटरला बोलावतो, काढून टाकू. मी म्हटलं, साहेब, आता तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावू नका.

परत निघताना बाहेर पोरांच्या चपलांचा ढीग, त्यात माझी एक सापडेना. शेवटी दुसऱ्याच कुणाची तरी घालून मी दत्ताच्या घरी आले. एक पाय कोकणातला, एक लातुरातला.

संध्याकाळी दत्ताच्या घरी बसलो. नसरीननं मामूंना फोन लावला. वरचा रंग कसला, कधी दिला, ते मामूंनी आधी विचारून घेतलं म्हणे. मग म्हणाले, वरचा तेलाचा रंग ताजा आहे, रॉकेलनं निघेल. पण खालचा त्याच्याबरोबर निघणार नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. तो रंग कपड्याचा, रबराचा नव्हे.

म्हणजे असं होतं. पुसलं नाही तर वेल आहे पण दिसत नाही. पुसलं तर कदाचित दिसेल, कदाचित जाईल, आणि गेली की मग कायमची.

दत्ता म्हणाला, असू दे तशीच. झाकलेलं काय नसतं व्हय? मी तर कायच बघितलेलं न्हाई, माझं कुठं अडलंय? मेधाचं उलट. ती हात जोरजोरानं हलवत होती आणि मी सांगत होते: आहे की नाही हे माहीत नसताना तू आयुष्यभर कशी राहशील? नसरीन दोघांचं ऐकत होती. मी अंबाडीची भाजी आणि भाकरी तिच्यापुढे ठेवली ती गार झाली.

"उद्याचा कार्यक्रम करायचा," शेवटी ती म्हणाली. "मी काचेत बसते. तिथं बसल्यावर जे वाटंल ते. आता नक्को विचारू कुणी."

कार्यक्रम

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खुर्च्या मांडल्या होत्या, समई होती, पाहुणे सर वेळेवर आले होते. पोरं त्यांच्या सतरंज्यांवर पुस्तकात. तिघं आत आले, मी शिवलेले पांढरे अंगरखे घालून, आणि कुणाला नमस्कार न करता कामाला लागले.

मेधाच्या हातात तिथलीच पाटी होती, शांतता राखा. ती पाटी घेऊन ती दालनभर फिरली. पंख्याला दाखवली. खिडकीतल्या कबुतराला दाखवली. सरांच्या बुटांना वाकून दाखवली, कारण ते करकरत होते. बंद पडलेल्या घड्याळापुढे मात्र पाटी खाली ठेवून तिनं त्याला हात जोडले. एका मुलीला हसू फुटलं, तर मेधानं तिला पाटी न दाखवता पाटीची मागची कोरी बाजू दाखवली. मग आणखी दोघीतिघी हसल्या. पहिल्यांदा माना वर झाल्या.

दत्ता भिंतीशी गेला आणि लोकांना फोटो दाखवायला लागला. जन्माचा आंधळा माणूस, काचेवर बोटं ठेवून. पण तो दिसणारं सांगत नव्हता. ह्या फोटोत कुत्री भुंकायलीत, सांगत होता. ह्यात कुणीतरी पत्रा उचलायलंय, त्याचा आवाज दातात जातोय. हा फोटो गप हाय, ह्याच्यापाशी हळू चाला. पुढची पोरं पुस्तकं मिटून त्याच्या मागे निघाली. त्यांनी बूथवरचा आवाज ओळखला होता.

"सर, फोटोत कुत्रं नाहीये," एक मुलगी म्हणाली. चष्म्यातली, वही हातात.

"फोटो काढणाऱ्यानं घेतलं नसंल," दत्ता म्हणाला. "व्हतं."

मुलीनं फोटोकडे परत बघितलं. आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं, सवयीनं.

पाहुणे सर हळूच साहेबांना विचारत होते, कार्यक्रम कधी सुरू होणार? साहेब म्हणाले, सुरू झालाय सर. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

नसरीन रिकाम्या काचेच्या कपाटात, दार उघडं ठेवून, बसली होती. तिनं आताचा पाय काढून शेजारी उभा ठेवला होता. दोन कपाटं जवळजवळ: एकात बाई आणि तिचा पाय, दुसऱ्यात पोरीचा गुलाबी पाय. लोक येत, थांबत, कुणी हळूच वाचायला खाली चिठ्ठी शोधे. चिठ्ठी नव्हती. ती कुणाकडे बघत नव्हती. गुलाबी पायाकडेही नाही. मला वाटलं आता ही अशीच बसणार आणि संध्याकाळी उठणार.

मग तिनं काचेवर बोटानं टकटक केलं. साहेबांकडे बघून.

साहेब किल्ली घेऊन आले. पायाच्या कपाटाचं कुलूप लवकर उघडेना. त्यांनी पाय काढून दोन्ही हातांवर धरला, मूल धरतात तसा, आणि तिच्या मांडीवर ठेवला. रॉकेलची बाटली मी पिशवीतून आणली होती, तिनंच सांगितलं होतं, आण पण दाखवू नको. अंगरख्याच्या अस्तरातला उरलेला पांढरा तुकडा दिला.

तिनं अंगठ्याकडे बघितलं, घोट्याकडे बघितलं. जिथून वेल सुरू होते तिथं हात नेला आणि मागे घेतला. मग पाय पालथा केला आणि टाच वर धरली.

"वेल सगळ्यांनी बघितली व्हती," ती म्हणाली. फार हळू, पण दालनात तेव्हा पान उलटल्याचा आवाज नव्हता. "टाचंला एक चांदणी व्हती. ती फक्त मला आणि अम्मीला ठावूक. ईदच्या सकाळी शेवटी काढली. म्हणाली, तुझ्या मागनं येणाऱ्याला दिसंल. मी तर सगळ्यांच्या मागं चालायची. माझ्या मागं कोण असणार? ती असायची."

तुकडा रॉकेलात भिजवून तिनं टाचेवर ठेवला. घासला नाही. नुसता दाबून धरला, जसं ठेच लागल्यावर धरतात. मेधा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. दत्ता विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि त्याला उत्तर द्यायला मला शब्द सापडेनात. माझ्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं असेल.

नसरीननं तुकडा उचलला. गुलाबी रंग त्याला लागून आला होता. आणि गुलाबीच्या मध्ये कत्थई. तिचा चेहरा पडला. मग तिनं पाय उजेडाकडे वळवला. टाचेवर, रुपयाएवढ्या जागेत, फिकट, एका बाजूनं गेलेली, चांदणी होती. दोन टोकं स्पष्ट, तिसरं अर्धं. बाकीची कापडावर आली होती.

मी दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, किती टोकांची? मी म्हटलं, अर्धी इथं, अर्धी तिथं. म्हणाला, म्हणजे पुरी हाय.

साहेब खाली बसले होते, तिच्यापुढे. म्हणाले, "बाई, बाकीचं काढू का? हळूहळू, तुम्ही म्हणाल तसं. माझ्याकडून झालंय, मी बसतो रोज."

नसरीननं मान हलवली. "नक्को साहेब. आणखी पुसलं तर जाईल. खाली हाय, एवढं कळलं मला. राहू द्या झाकून. तुम्ही चांगल्या मनानं झाकलंय."

तिनं पाय त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला आणि कुलूप लावायच्या आधी तिच्याकडे बघून टाच काचेकडे केली. मुलं काही वेळ तिथंच उभी होती. चष्म्यातली मुलगी जवळ जाऊन वाकून बघत होती, वही बंद करून. मग कुणाला तरी परीक्षा आठवली असेल, एकेक जण सतरंजीवर परत गेला. पाहुण्या सरांनी शाली दिल्या. भाषणाचा कागद मात्र त्यांच्या खिशातच राहिला. लातूरला तेवढा एकच कार्यक्रम भाषणाशिवाय झाला, असं दत्ता म्हणतो.

तो कापडाचा तुकडा नसरीननं घडी करून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी नांदेडची बस धरली. दत्ता बसपर्यंत पोचवायला आला, माझ्या हातात धपाट्यांचा पुडा दिला. बस गच्च भरली होती, क्लासची पोरं सुट्टीला घरी चाललेली. गाव मागे पडलं आणि थोड्या वेळानं पुढच्या बाकावरचा माणूस नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागला. मग त्याच्या शेजारचा. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत आमच्यापर्यंत आला आणि थांबला. बसमध्ये रॉकेल नेता येत नाही, कुणापाशी आहे ते सांगा, नाहीतर सगळ्यांना उतरवून पिशव्या बघतो, म्हणाला. मी तोंड उघडणार तोच नसरीननं पर्स उघडली आणि घडी केलेला तुकडा त्याला दाखवला.

"हे होय," कंडक्टर म्हणाला. "फडकंच हाय की नुसतं. कुणाचं?"

"माझ्या अम्मीचं."

"अम्मीला सांगा, बसमध्ये असं पाठवत जाऊ नका म्हणावं. लोक घाबरत्यात."

"सांगते," नसरीन म्हणाली, आणि पर्स मिटली.